पाक मोदीनकडचा कापूस

कापूस या विषयावर अख्ख्या कुदुस शहरात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक म्हणजे गुन्तुर म्हणतो. त्याच्या व्हेपच्या दुकानात मी कामाला आहे आणि पगारवाढ मागितली की तो लगेच असं काहीतरी गोड बोलतो. पण ते जाऊ द्या.

ज्यांनी व्हेप कधी हातात धरलेला नाही त्यांना सांगतो. एक व्हेप असतो तयार, संपला की फेकून द्यायचा. तो आळशी लोकांचा. खरा शौकीन स्वतःचा व्हेप स्वतः बांधतो. आत इवलंसं तारेचं वेटोळं असतं. त्यातून कापसाची वात ओवायची आणि तिच्या दोन्ही शेपट्या खाली टाकीतल्या चवीच्या रसात सोडायच्या. वात रस पिते, तार तापते, वाफ निघते. सगळी मजा त्या वातीत! घट्ट ओवली तर रस वर चढत नाही. सैल ओवली तर खिशात गळतो. आणि कोरडी राहिली तर पहिल्याच झुरक्याला जळक्या फडक्याची चव अशी घशात बसते की दुसऱ्या दिवशीचा भातही जळका लागतो. म्हणून कापूस निवडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. ते माझं काम आहे, असं मला त्या रविवारपर्यंत वाटत होतं.

आता सासऱ्यांकडे वळू. पाक कस्नावी त्यांचं नाव. पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव'. घरात मी त्यांना बापाक म्हणजे बाबा म्हणतो, आणि शक्यतो लांबून म्हणतो. कुदुस म्हणजे क्रेटेकचं गाव, लवंग घातलेल्या सिगारेटींचं. इथल्या हवेतच लवंग आहे. बापाकनी सगळी उमर एका क्रेटेकच्या कारखान्यात चव पाहण्यात घालवली. डोळे मिटून एक झुरका घ्यायचे आणि लवंग कुठल्या बेटावरची, कधी तोडलेली आणि गोदामात कुठल्या कोपऱ्यात ठेवलेली ते सांगायचे. कारखान्याचे मालकसुद्धा त्यांच्या जिभेला वचकून असायचे. आता ते निवृत्त आहेत. जीभ मात्र निवृत्त झालेली नाही. ती सध्या माझ्यावर चालते.

बापाकच्या घराला रस्त्यावर उघडणारी एक पुढची खोली आहे. त्यात त्यांचे होले राहतात. दहा पिंजऱ्यांत दहा होले, दिवसभर घुमत बसलेले. त्या खोलीत माझं स्वतःचं दुकान असावं हे माझं स्वप्न. शेवटी एका गुरुवारी धीर केला.

"बापाक, पुढची खोली मला दुकानाला द्याल का?"

"कसलं दुकान?"

"व्हेपचं."

बापाकनी होल्यांकडे तोंड फिरवलं. "ऐकलंत का रे? जावईबापू म्हणतात, तुम्ही चालू लागा. इथे वाफ राहायला येणार आहे!"

माझी बायको लास्त्री मध्ये पडली. "बाबा, एकदा ओढून तर बघा. हे खरंच मन लावून करतात."

"मन लावून करतो ते दिसतंय. घरातल्या एका नळाची गळती थांबवत नाही, पण तार वळत बसतो." मग ते माझ्याकडे वळले. "बरं. रविवारी संध्याकाळी तुझ्या यंत्राचा एक झुरका घेतो. एकच. रसाची चव लागली पाहिजे, दुसरी कसलीही नाही. कापसाची चव लागली तर पुन्हा या खोलीचं नाव काढायचं नाही, आणि सोमवारपासून माझ्या पुतण्याच्या गोदामात तंबाखू निवडायला जायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. कापसातला अधिकारी ना मी!

बापाकनी तयारीही कारखान्याच्या शिस्तीने सुरू केली. मोठ्या परीक्षेच्या आधी ते जिभेला उपास घडवायचे. शुक्रवारपासून क्रेटेक बंद, कॉफी बंद, मिरची बंद. फक्त पांढरा भात आणि पाणी. बोलणंही बंद! बोललं की लाळ सुटते, लाळ सुटली की चव पातळ होते, असा त्यांचा सिद्धांत. गल्लीतला धूर जिभेला लागू नये म्हणून ते मागच्या खोलीत पडदा ओढून बसले. रोज सकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उणीदुणी काढणारा माणूस अचानक दिसेनासा झाला. हे गल्लीच्या लक्षात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं. मी कापसात होतो.

शुक्रवारी मी गुन्तुरच्या दुकानातला सगळा कापूस लावून पाहिला. जपानी कापसाच्या घड्या लावल्या, त्याला किंचित कागदाची चव. बुटाच्या नाडीसारखा तयार ओवायचा कापूस लावला, तो तापला की मागाहून काहीतरी पिठासारखं लागतं. औषधाच्या दुकानातला लावला, त्यात दवाखाना. लास्त्रीच्या तोंड पुसायच्या चकत्या लावल्या, तेव्हा गुलाबपाणी लावलेल्या कुणाच्या तरी मावशीचा मुका घेतल्यासारखं झालं!

"अरे, हा जपानी चांगला आहे की," गुन्तुर म्हणाला. "लोक दुरून येतात यासाठी."

"त्या लोकांना बापाकची जीभ आहे का?"

"मग तूच पिकव कापूस!"

हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. पिकवायचा कशाला? घरात आहे की! आमच्या शेजारचा पाती जिल्हा म्हणजे शेवरीच्या कापसाचं आगर. आमच्याकडची गादी, उशी, लोड, सगळं त्या शेवरीनं भरलेलं. रंगवलेला नाही, धुतलेला नाही, थेट झाडावरचा! शनिवारी दुपारी बापाक न्हाणीघरात होते तेवढ्यात मी त्यांच्या गादीची शिवण उसवली. एक मूठ घ्यायची होती. पण शेवरी फार हलकी. शिवण उसवली तशी ती खोलीभर उडाली. माझ्या नाकात, मच्छरदाणीत, बापाकच्या टोपीत. जेवढी हाती लागली तेवढी घेऊन मी वात ओवली, रस घातला, बटण दाबलं.

आता ऐका. शेवरी अंगाला ओल लागू देत नाही. म्हणूनच तर ती गादीत भरतात! पावसाळ्यात उशा कोरड्या राहतात याचं आम्ही जन्मभर कौतुक करत आलो. कापसातल्या अधिकाऱ्याला मात्र हे तेव्हा आठवलं नाही. रस वातीच्या अंगावरून घरंगळून खाली गेला. वात ठणठणीत कोरडी. तार लाल झाली आणि भक्कन पेटली! माझी उजवी मिशी गेली. डावी मग मी स्वतःच काढली.

बापाक न्हाणीघरातून बाहेर आले. त्यांनी गादी पाहिली. टोपी पाहिली. माझा ओठ पाहिला. त्यांना बोलायचं नव्हतं म्हणून मी वाचलो. नुसते कपाळाला हात लावून ते चटईवर जाऊन आडवे झाले.

लास्त्री मात्र बोलली. रात्रभर बोलली! रविवारी पहाटे ती पातीला तिच्या मामाकडे नवी शेवरी आणायला निघाली. आदल्या दिवशी खोली झाडताना डोळ्यांत शेवरी गेल्यामुळे तिचे डोळे लालभडक सुजलेले. ओढणीनं पुसत-पुसत ती गल्लीतून गेली. जाताना मला बजावून गेली, "ती रिकामी गादी उन्हात टाका. आणि मी येईपर्यंत घरात काहीही उसवू नका!"

मी गादी बाहेर कुंपणावर टाकली. मग बाकावर डोकं धरून बसलो. संध्याकाळ जवळ येत होती आणि हाती एक धड वात नव्हती. तंबाखूचं गोदाम डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आणि अशा वेळी मला तो कापूस आठवला.

मागे गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा मी मदतीला गेलो होतो. मशिदीतले पाक मोदीन वस्तीतल्या सगळ्या मयतांचं पाहतात. न्हाऊ घालणं, कफन नेसवणं, सगळं. त्यांनी कफनासाठी, मयताच्या नाकाकानांत घालायला आणलेला कापूस माझ्या हातात धरायला दिला होता. काय कापूस होता तो! लांब धागा, मऊ, कसला वास नाही, कसली रंगसफेदी नाही. बाकीचे लोक आजोबांसाठी रडत होते आणि मी कापूस बोटांत फिरवत उभा होतो. शेवटी पाक मोदीननी तो माझ्या हातातून ओढून घेतला. माझी मला लाज वाटली, पण बोटं ती मऊ वात विसरली नव्हती.

उठलो आणि थेट मशिदीत गेलो. पाक मोदीन अंगणात झाडांना पाणी घालत होते.

"पाक, एक मागायचं होतं. थोडा कापूस. तुमच्याकडचा, तो पांढरा."

त्यांच्या हातातली नळी थांबली. "घरी लागतोय?"

"हो. आज संध्याकाळच्या आत."

"अरेरे!" ते हळूच म्हणाले. "लास्त्री सकाळी डोळे पुसत जाताना दिसली खरी."

"ती पातीला मामाकडे गेलीय. आणि पाक, एवढ्यात कुणाला सांगू नका. लोक काय म्हणतील! लास्त्री आली की मग बघू."

"बरोबर आहे. मुलगी येईपर्यंत थांबलंच पाहिजे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती समजूतदार माणूस! दुसरा असता तर म्हणाला असता, मयताचा कापूस व्हेपमध्ये घालतोस? यांनी चकार शब्द काढला नाही. आत जाऊन कापसाचं अख्खं गाठोडंच आणलं. मी खिशात हात घातला तर रागावले. "कस्नावींसाठी मी पैसे घेणार?"

म्हणजे पैजेची बातमी यांच्यापर्यंतही पोचली होती तर! मला भरून आलं.

"मी कधी येऊ?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी असरची नमाज झाली की या ना! सगळेच या!"

आमच्याकडे एक पद्धत आहे. दुःखाच्या घरात कुणी प्रश्न विचारत नाही. कसं झालं, कधी झालं, कुणाचं झालं, काही नाही. विचारणं म्हणजे असभ्यपणा. गुपचूप जायचं आणि कामाला लागायचं. पाक मोदीननी मला दिलेला शब्द पाळला. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं.

इकडे मी नवा कापूस उकळायला घेणार होतो. चांगला कापूस उकळून घ्यावा लागतो, धाग्यातलं उरलंसुरलं तेल निघून जातं. घरातलं पातेलं चिमुकलं, म्हणून शेजारच्या बू तुमिनींकडे, म्हणजे तुमिनीकाकूंकडे गेलो.

"बू, तुमचं मोठं पातेलं देता? अंगणात पाणी तापवायचंय."

बू तुमिनींनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणावरच्या रिकाम्या गादीकडे, मग माझ्या हातातल्या गाठोड्याकडे. शेवटी माझ्या भुंड्या ओठाकडे पाहून त्यांना रडूच फुटलं. पातेलं दिलं, तांब्या दिला, नवा टॉवेल दिला. थोड्या वेळाने परडीभर फुलं घेऊन आल्या.

"पाण्यात घाल."

"फुलं नकोत बू! वास लागेल. बापाकना कसलाही वास चालणार नाही."

"शेवटपर्यंत तसेच!" असं म्हणून त्या हुंदके देत परत गेल्या. बाई हळवी आहे, मी मनात म्हटलं, आणि चुलीत लाकूड सरकवलं.

दुपार कलली आणि लोक यायला लागले. आधी चार माणसं खुर्च्या घेऊन आली. मग ताडपत्री आली. बायका तांदूळ, साखर, चहा घेऊन आल्या आणि मला न विचारता स्वयंपाकघरात शिरल्या. नारळ फुटायला लागले. मी अंगणात कापूस पिळत बसलो होतो. येणारा प्रत्येक माणूस दोन्ही हातांनी माझा हात दाबायचा आणि म्हणायचा, "धीर धर, बाग्यो."

"धरलाय," मी म्हणायचो. "पण छातीत धडधड होतेच."

"होणारच रे, होणारच."

एका व्हेपच्या झुरक्यासाठी गल्लीनं एवढं करावं! मी गुन्तुरला फोन लावला. "अरे, इथे जत्रा जमलीय! तू सगळ्यांना सांगितलंस का?"

"मी दोघांनाच सांगितलं होतं."

"मग त्या दोघांनी कमाल केली!"

तेवढ्यात समोरचे पाक रेबो आले. बापाक आणि पाक रेबो यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. एका स्पर्धेत कुणाचा होला आधी घुमला यावरून भांडण झालं होतं. ते होले कधीच मेले, पण भांडण धडधाकट होतं. पाक रेबो थेट पुढच्या खोलीत गेले. एकेक पिंजरा उचलून मागच्या ओसरीवर नेऊन टांगला. प्रत्येक होल्याला पाणी दिलं. बाकीच्यांनी खोलीतलं सामान हलवलं, फरशी पुसली, चटया अंथरल्या आणि मधोमध एक लाकडी बाज ठेवली. दुकानासाठी खोली रिकामी होतेय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाक रेबोंना मिठीच मारली. ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

"मी त्याला बोलायला हवं होतं रे!"

"आता बोला की! आत आहेत."

ते आणखीनच रडायला लागले. इतक्या वर्षांचा अबोला मोडायचा म्हणजे अवघडच, असं मला वाटलं.

असरची नमाज झाली. कापूस वाळला होता. मी हात धुतले, तार बसवली, वात ओवली. अहाहा! बोटांना कळतं हो! ना घट्ट, ना सैल. रस घातला तसा तिनं घटाघट पिऊन टाकला. मी पडदा बाजूला करून मागच्या खोलीत गेलो.

बापाक तयार होऊन बसले होते. परीक्षेच्या दिवशी ते कारखान्यात पांढरा सदरा घालून पांढरी लुंगी नेसायचे, तसेच नेसले होते. नुसत्या भातावर राहून चेहरा पिवळट पडलेला. डोळे खोल गेलेले.

"चला बापाक. सगळे जमलेत."

त्यांनी भुवया उंचावल्या. सगळे म्हणजे कोण, असं त्यांना विचारायचं असावं. पण जीभ उपाशी होती. ते उठले आणि माझ्या पुढे चालत पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

खोलीत लोक चटयांवर बसून खालच्या आवाजात दुवा म्हणत होते. तो आवाज एकदम थांबला. कुणीतरी चहाचा ट्रे सोडला. बू तुमिनींनी अशी किंकाळी फोडली की मागचे दहाच्या दहा होले एकदम घुमायला लागले.

बापाकना काहीच कळेना. त्यांनी हात वर करून लोकांना शांत राहायची खूण केली. त्यामुळे लोक भिंतीला चिकटले. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते सावकाश चालत गेले आणि त्या मधल्या बाजेवर बसले. मग माझ्याकडे हात पुढे केला.

आणि मी, ज्याला अजूनही काही उमजलं नव्हतं, त्या हातात व्हेप दिला!

बापाकनी डोळे मिटले. मोठा, सावकाश, कारखान्यातला झुरका घेतला. थोडा वेळ तोंडात धरला. आणि मग पांढऱ्या सदऱ्यातल्या त्या पिवळ्या माणसाच्या नाकातोंडातून पांढऱ्याशुभ्र वाफेचा असा लोट निघाला की बाज, लुंगी, टोपी, सगळं दिसेनासं झालं!

खोली रिकामी झाली. दारातून जेवढे मावले तेवढे दारातून गेले, बाकीचे खिडकीतून. अंगणात माझं पातेलं उलटं झालं. ताडपत्रीचा एक खांब पडला आणि ती पळणाऱ्यांच्या डोक्यावर आली. पाक रेबो मात्र पळाले नाहीत. आणि पाक मोदीन जागेवर बसून होते. त्यांच्या धंद्यात इतक्या वर्षांत कुणी असं उठून बसलं नव्हतं, पण पळून जाणं त्यांना शोभलं नसतं.

वाफ विरली. बापाकनी जीभ टाळूला लावली, ओठ चाटले आणि शुक्रवारपासूनचं पहिलं वाक्य बोलले.

"कापसाची चव नाही."

"जिंकलो!" मी ओरडलो.

"कुठला कापूस हा?" बापाकनी विचारलं.

"माझा," पाक मोदीन म्हणाले.

बापाकनी पाक मोदीनकडे पाहिलं. मग बुडाखालच्या बाजेकडे, चटयांकडे, कोपऱ्यात ठेवलेल्या पांढऱ्या कापडाकडे. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गादी, पातेलं, गाठोडं, फुलं, धीर धर, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं आणि माझी पाचावर धारण बसली. आता बापाक मला त्याच बाजेवर झोपवणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

बापाकनी दुसरा झुरका घेतला. एकच घेणार होते, तरी घेतला. वाफ हळूहळू सोडली.

"चांगला आहे," ते पाक मोदीनना म्हणाले. "मला वाटायचं टोचत असेल."

"नाही, नाही," पाक मोदीन म्हणाले. "मी पारखून घेतो."

मग बापाक वळले. "रेबो, होले तू हलवलेस?"

"हलवले."

"पाणी दिलंस?"

"दिलं."

"रडलास?"

पाक रेबोंनी मान खाली घातली. "थोडा."

"बस इकडे," बापाक म्हणाले, आणि बाजेवर सरकून त्यांना जागा करून दिली.

नेमकी तेव्हाच लास्त्री परत आली. बसमधून उतरून शेवरीचं पोतं डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली, तर दारात खुर्च्या, ताडपत्री आणि पळणारी माणसं! तिनं "बाबा!" अशी हाक मारली. पोतं उराशी तसंच धरून ती आत धावली. बाबा रेबोंच्या शेजारी बसून वाफ सोडत होते. ती त्यांच्या गळ्यात पडून खूप रडली. त्यांना चाचपून पाहिलं. मग डोळे पुसले, मला शोधलं आणि ते पोतं माझ्या डोक्यावर रिकामं केलं!

त्या संध्याकाळी सगळी गल्ली आमच्याकडे जेवली. एवढा भात शिजला होता, तो काय परत न्यायचा? लोक आधी जरा बिचकत होते, मग बापाकनी स्वतः वाढायला घेतल्यावर सैल झाले. त्यांनी एकेकाजवळ जाऊन चौकशी केली, कोण किती रडलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही. जे आले नव्हते त्यांची नावं ते अजूनही विसरलेले नाहीत. इतके खूश मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

आणि शब्दाला जागले! पुढची खोली मला मिळाली. पाटी लावली, काचेचं कपाट आणलं, दिवे लावले. गिऱ्हाईक मात्र येईना. बाहेरचा कुणी पत्ता विचारत आला की बू तुमिनी फाटकातूनच त्याला सांगायच्या, "तोच बरं का, मयताचा कापूस ओढायला लावणारा!" त्यावर माणूस दुचाकी वळवायचा. गुन्तुरसुद्धा एकदाच आला, बाजेच्या जागेकडे पाहत उभा राहिला आणि काम आठवल्यासारखं करून निघून गेला.

मग एक दिवस पाक मोदीन आले. मशिदीतल्या त्यांच्या कपाटाला ओल धरत होती. "तुझ्या फळ्या कोरड्या आहेत," ते म्हणाले. मी नाही कसं म्हणणार? त्यांनी कफनाची कापडं आणून ठेवली, कापूर ठेवला, कापसाची गाठोडी ठेवली. आता मधोमध माझा व्हेपचा माल आहे आणि त्याच्या चहूबाजूंना त्यांचा. त्यांचा खपतो.

बापाक रोज संध्याकाळी पाक रेबोंना घेऊन दुकानात येतात. त्यांनी वरच्या फळीवरचं एक गाठोडं स्वतःसाठी निवडून ठेवलंय, त्यावर नावाची चिठ्ठी आहे. ते खाली काढायला लावतात, गाठ सोडतात आणि त्यातला चिमूटभर कापूस माझ्या हातावर ठेवतात. "ओव. माझाच आहे. थोडा आत्ता, थोडा मग."

परवा मी पाक मोदीनना बाजूला घेऊन हळूच विचारलं, असं चालतं का? ते म्हणाले, "चालतं. शेवटी कमी पडला तर जावयाच्या वाट्यातला घालू." आणि तिथल्या तिथे त्यांनी बापाकच्या गाठोड्याशेजारी दुसरं एक गाठोडं ठेवलं आणि त्यावर माझं नाव लिहिलं!